बंद दाराच्या आत: एकटेपणाच्या काळात तुम्हाला धीर कुठून आला?

सांजवेळ

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. लांबेल, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. रक्ताचा कर्करोग होता, केमोच्या फेऱ्या झाल्या आणि मग डॉक्टर म्हणाले, आता पुढचा मार्ग हाच. पेशी देणारा दाता म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. माझा धाकटा भाऊ जुळला. त्या दिवशी घरात सगळे रडले, आनंदाने. पुढे कसलं एकटेपण वाढून ठेवलंय याची कल्पना मात्र कुणालाच नव्हती.

त्या खोलीला दोन दारं असतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. हवा गाळून आत सोडतात, तिची घरघर रात्रंदिवस एका सुरात चालू. फुलं चालत नाहीत, जुनी पुस्तकं चालत नाहीत. भेटायला आलेलं माणूस काचेपलीकडे उभं राहतं आणि इंटरकॉमवर बोलतं. अशा खोलीत मी ३४ दिवस काढले.

दात्याच्या पेशी चढवतात त्या दिवसाला तिथे सगळे 'डे झिरो' म्हणतात. मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. एक लालसर पिशवी टांगली, ती हळूहळू रिकामी झाली, बस. त्यानंतर फक्त वाट बघणं. समोरच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता, त्यावर सिस्टर रोज सकाळी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, लिहायच्या. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांचा आकडा सलग तीन दिवस ५००च्या वर राहिला की पेशी 'रुजल्या' असं धरतात. माझ्या बोर्डावर सातव्या दिवसापासून शून्य. आठव्या दिवशी शून्य. नवव्या दिवशी शून्य. तोवर तोंड आतून पूर्ण सोलून निघालं होतं. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं, बोलणं तर बंदच. काही हवं असेल तर पाटीवर लिहून दाखवायचे.

आता जे लिहिणार आहे ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मी लहानपणापासून देव मानणारी बाई. पण त्या खोलीत प्रार्थना सुचेना. शब्द पाठ होते, मनात म्हणायला तोंडाची गरजही नव्हती, तरी दोन ओळींच्या पुढे जाताच यायचं नाही. बाहेरून सगळे निरोप पाठवायचे, 'श्रद्धा ठेव'. कुठे ठेवू, हेच कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी भाच्याचा मेसेज आला. वय ११. वहीच्या पानाचा फोटो आणि खाली, 'आत्या हे येत नाहीये.' अपूर्णांकांचा भागाकार. तीन भागिले एक द्वितीयांश. उलटा करून गुणायचं हे त्याला पाठ होतं, पण का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी टिश्यू पेपरच्या तीन सारख्या पट्ट्या फाडल्या, प्रत्येकीची मधोमध घडी घातली, पाटीवर लिहिलं 'अर्धे किती झाले ते मोज' आणि फोटो काढून पाठवला. एवढ्यानेच दम लागला. उत्तर आलं, 'सहा!!' आणि लगेच, 'उद्या पाच वाजता पुढचं?'

मी त्या 'उद्या'कडे किती वेळ बघत बसले असेन. बोर्डावर शून्य होतं. डॉक्टर 'बघू या' म्हणत होते. माझा नवरा काचेपलीकडून हसायचा आणि वळल्यावर खांदे पाडायचा, ते मला दिसायचं. आणि या पोराने माझा उद्या गृहीत धरला होता, तोही पाच वाजताचा, अगदी नेमका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांना पाटीवर लिहून दाखवलं, 'पाच वाजता काम आहे.' त्या माउलीने औषधाची वेळ मागेपुढे होऊ शकते का ते डॉक्टरांना विचारलं आणि साडेपाचची करून दिली. ताप १०२ असतानाही पाच वाजता मी उशीला टेकून बसलेली असायचे. देवाचं म्हणाल तर, पंधराव्या दिवशी पट्ट्या फाडता फाडता ती जुनी प्रार्थना मनात पूर्ण होऊन गेली. मी म्हणायला बसले नव्हते. ती झाली. १९व्या दिवशी बोर्डावर ९० आला. मग १८०, ३४०, ६२०.

घरी आल्यावर पहिले शंभर दिवस गर्दी वर्ज्य होती. पुढे लहान बाळासारख्या सगळ्या लसी पुन्हा घ्याव्या लागल्या. जुनी हिशेबाची नोकरी तोवर गेली होती. अशात त्याच सिस्टरांचा फोन आला. मुलांच्या वॉर्डात एक मुलगी आहे, वर्षभर शाळा बुडालीय, तुम्ही फोनवर शिकवाल का? आज माझ्याकडे अशी १४ मुलं आहेत. आजारपणाने घरात किंवा वॉर्डात अडकलेली. हेच आता माझं काम आहे, पोटापाण्याचंही आणि मनाचंही.

म्हणून हा धागा. तुमचं बंद दार कुठलं होतं? आणि धीर कुठून आला?

नांगर

सांजवेळताई, दोनदा वाचलं. ते 'पाच वाजता काम आहे' डोक्यातून जात नाहीये.

माझं दार म्हणजे समुद्र. मी जहाजावर थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी होतो. २०२० साली बंदरांनी माणसं उतरवणं बंद केलं. जहाजं चालू, माल चालू, फक्त माणसांनी उतरायचं नाही. त्या वर्षाच्या अखेरीस करार संपूनही बोटीवर अडकलेले खलाशी जवळपास ४ लाख होते. आंतरराष्ट्रीय नियमाने सलग ११ महिन्यांवर कुणाला बोटीवर ठेवता येत नाही. मी सहा महिन्यांसाठी चढलो आणि तेरा महिन्यांनी उतरलो. 'पुढच्या बंदरात रिलीव्हर येईल' हे वाक्य मी सात बंदरांत ऐकलं. किनारा डोळ्यांसमोर, दिवे मोजता येतील इतका जवळ, आणि शिडी वर ओढलेली.

आम्ही बावीस जण होतो, म्हणजे एकटा कुणीच नव्हता. तरी दहाव्या महिन्यात प्रत्येक जण एकटा पडला होता. मेसमध्ये कुणी कुणाशी बोलेना. आपापल्या केबिनचं दार लोटून घ्यायचे.

मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. मला धरून ठेवलं ते वॉचने, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीने. आठ ते बारा, सकाळी आणि रात्री. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आधीचा माणूस तुमची वाट बघत उभा असतो. तुम्ही पाच मिनिटं आधी वर जाता, अंधाराला डोळे सरावू देता, तो स्थिती सांगतो, तुम्ही ताबा घेता आणि तो झोपायला जातो. तुम्ही गेला नाहीत तर तो झोपू शकत नाही, इतकं सरळ गणित आहे. काही दिवस असे होते की मी फक्त तेवढ्यासाठी उठलो.

त्याच काळात आमच्या म्हाताऱ्या कॅप्टनने सेक्स्टंट बाहेर काढलं, ताऱ्यांची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढायचं जुनं यंत्र. जीपीएसच्या जमान्यात त्याला परीक्षेपुरतं कोणीतरी हात लावतं. ताऱ्यांची उंची मोजायला वेळ फार थोडा मिळतो. सूर्य बुडाल्यावर तारा दिसायला लागलेला असतो आणि क्षितिजाची रेघ अजून पुसली गेलेली नसते, तेवढ्या काही मिनिटांत काम. माझी वॉच नसायची तेव्हा, तरी मी रोज वर जायचो. तारा आरशातून खाली आणायचा, हलक्या हाताने झुलवत क्षितिजाला टेकवायचा, वेळ सेकंदापर्यंत टिपायची, मग कोष्टकं काढून आकडेमोड. पहिल्या आठवड्यात माझं जहाज माझ्या हिशेबाने जमिनीवर चाललं होतं. तीन महिन्यांनी माझ्या हिशेबाची रेघ जीपीएसने दाखवलेल्या जागेपासून दोन मैलांवर पडली. कॅप्टनने काही न बोलता लॉगबुकच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून माझी सही घेतली. आज मी नवीन पोरांना हेच शिकवतो.

उंबरठा

दोघांचंही वाचलं. तुम्ही बऱ्या झालात, तुम्ही परत आलात, मनापासून आनंद वाटला. पण मला जे वाटलं तेही लिहिते. राग मानू नका.

माझ्या यजमानांना सात वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. घराबाहेर मी पडू शकत नाही. त्यांना एकटं ठेवलं की ते दार उघडून चालायला लागतात. माणसं पहिल्या वर्षी आली, दुसऱ्या वर्षी फोन आले, आता सणावारी मेसेज येतात. शेजारी माझ्याच माणसाशी बोलताना मान दुसरीकडे वळवतात.

माझ्या बोर्डावर आकडा चढणार नाही. माझं जहाज बंदराला लागणार नाही. मला जेव्हा कुणी 'संकटात संधी शोधा' म्हणतं ना, तेव्हा फोन ठेवून द्यावासा वाटतो. परवा एकांनी न्यूटनचं उदाहरण दिलं. प्लेगमध्ये घरी बसला आणि गुरुत्वाकर्षण शोधलं म्हणे. मी सात वर्षं घरी बसलेय. मी काय शोधू? रात्री तीन वाजता ते 'तू कोण' म्हणून विचारतात, त्याचं उत्तर शोधते.

सांजवेळ

उंबरठाताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं.

मी 'संकट ही संधी' असं म्हणणार नाही. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंच्या पेशी रुजल्या नाहीत. त्याही रोज प्रार्थना करायच्या, माझ्यापेक्षा जास्त आणि जास्त मनापासून. काचेतून आम्ही एकमेकींना हात करायचो. एका सकाळी तिथला बोर्ड पुसलेला होता. मी वाचले त्यात माझ्या श्रद्धेचा वाटा होता असं मी म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. काउंट औषधांनी आणि भावाच्या पेशींनी चढला. मी फक्त ते चौतीस दिवस कसे गेले, तेवढंच सांगू शकते.

तुमच्या दुखण्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुम्ही इथे येऊन लिहीत राहा. मी वाचेन, रात्री तीनलासुद्धा. त्या खोलीपासून झोप मलाही कमीच आहे.

जुनी वही

न्यूटनबद्दल थोडं सांगतो, कारण ती गोष्ट चुकीच्या जागी वापरली जाते आणि उंबरठाताईंसारख्या माणसांना उगाच टोचते.

१६६५च्या उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं आणि २२ वर्षांचा न्यूटन वुल्सथॉर्पच्या घरी गेला. १६६७मध्ये तो कायमचा परतला. पण गणिताचं त्याचं वेड १६६४पासूनच्या वह्यांत दिसतं, म्हणजे बी आधीच पेरलेलं होतं. गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण ग्रंथ १६८७ला आला, तब्बल वीस वर्षांनी. शिवाय घर शेतीवाडीचं, जबाबदारी कुणाची नाही. त्याच प्लेगमध्ये एकट्या लंडनमध्ये लाखाच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. त्या घरांत सेवा करत बसलेल्यांनी काय शोधलं, असं कुणी विचारत नाही. विचारायचंही नसतं.

दुसरी एक गोष्ट मला या धाग्याशी जास्त जवळची वाटते. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत एकटा उतरला. दोन महिने, घड्याळाशिवाय. वर साथीदार तंबू ठोकून होते. हा उठला, झोपायला निघाला, की वर फोन करायचा. वरच्यांनी आपणहून फोन करायचा नाही आणि वेळ सांगायची नाही असा नियम. अधूनमधून तो एकापासून १२०पर्यंत अंक मोजायचा, सेकंदाला एक या गतीने. त्याला वाटायचं दोन मिनिटं झाली. वरच्या घड्याळात पाच झालेली असत. १४ सप्टेंबरला त्याला 'मुदत संपली' म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. पंचवीस दिवस त्याच्या हातून नुसते निसटले होते.

एकटेपणात पहिल्यांदा मोडतो तो काळ. सकाळ-दुपारच्या कडा विरघळतात. म्हणून पाच वाजताचं गणित किंवा आठची वॉच या गोष्टी दिसतात त्यापेक्षा फार मोठ्या आहेत.

आणि हा काही मनाच्या दुबळेपणाचा मामला नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये कैद्यांसाठीचे नियम सुधारले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसाच्या अर्थपूर्ण सहवासाविना ठेवणं म्हणजे एकांतवासाची कोठडी. ती सलग १५ दिवसांपुढे गेली की त्यावर बंदी. गुन्हेगारालासुद्धा सोळावा दिवस द्यायचा नाही असं जग ठरवतं. ताई, तुमची सात वर्षं झाली. खचल्यासारखं वाटत असेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पायवाट

माझं दार आतून लावलेलं होतं. मुलगा गेल्यावर मी स्वतःला कोंडून घेतलं. ते सगळं इथे लिहिणं मला अजून जमणार नाही.

फक्त एक सांगते. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचं दार, ताटी, लावून आत बसले आणि धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून विनवत राहिली, ही कथा आपण सगळे ऐकत आलोय. मी ती नेहमी ज्ञानेश्वरांच्या बाजूने ऐकायचे. माझ्या त्या काळात माझी धाकटी जाऊ रोज संध्याकाळी यायची, बंद दाराशी पायरीवर बसायची आणि दिवसभरात काय झालं ते दाराला सांगायची. कुणाला खोकला झालाय, कुठला नळ गळतोय. 'दार उघड' असं एकदाही म्हणाली नाही. साठ-पासष्ट दिवस. मग एके दिवशी ती आली नाही. तिला ताप होता, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी दार उघडून पायरी रिकामी आहे का ते बघितलं.

माझी देवावरची श्रद्धा त्यानंतर परत आली, पण वाट त्या पायरीवरूनच होती.

रात्रपाळी

मी ट्रान्सप्लांट वॉर्डात अकरा वर्षं नर्स आहे. काचेच्या अलीकडची, म्हणजे आमच्या बाजूची गोष्ट सांगते.

बोर्डावर शून्य लिहिणं आम्हाला सोपं जात नाही. मार्कर हातात घेऊन वळण्याआधी मी एक श्वास घेते, कारण माझा चेहरा पेशंट आकड्याच्या आधी वाचतो. काही जण शून्य बघून भिंतीकडे तोंड करतात. काही जण विचारतात, 'सिस्टर, तुमच्या मुलीची परीक्षा कशी झाली?' मी काल रात्री औषध देताना सहज बोललेलं त्यांनी लक्षात ठेवलेलं असतं. बरं कोण होणार हे यावरून ठरत नाही, सांजवेळताईंनी अगदी खरं लिहिलं. पण त्या खोलीतलं आयुष्य कुणाचं कसं जाणार, ते बरंचसं यावरून कळतं.

एक आजोबा होते, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. वॉर्डातल्या सगळ्यांची बंद पडलेली घड्याळं ते आत मागवू लागले. जंतुसंसर्गाच्या भीतीने आम्हाला नाही म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मग तुम्ही काचेपलीकडे उघडून धरा, मी इंटरकॉमवर सांगतो. आमच्या वॉर्डबॉयने त्यांच्याकडून तीन आठवड्यांत काम शिकून घेतलं. आजोबा घरी गेले, दीड वर्षाने वारले. तो मुलगा सुट्टीच्या दिवशी अजून घड्याळं उघडतो.

कोरा कागद

पहिल्यांदाच लिहितोय. वाचत होतो रोज.

माझं काही आजारपण नाही म्हणून लिहायला संकोच वाटतो. आठ महिन्यांपूर्वी नोकरी गेली. घरी सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं मी कामात आहे. भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. आज हिशेब केला, गेल्या चार दिवसांत मी मोठ्याने दोन शब्द बोललोय, कुरिअरवाल्याला, 'ठेवा तिथेच'. आवाज घोगरा आला, मलाच ओळखू आला नाही. दुपारी झोपतो, रात्री जागतो. सिफ्रसारखंच झालंय, वार कोणता ते मोबाइलमध्ये बघावं लागतं. श्रद्धा वगैरे शब्द फार लांबचे वाटतात. कुणाची वाट बघण्याची वेळ नाही, माझी कुणी बघत नाही. सुरुवात कुठून करायची?

रात्रपाळी

लिहिलंत तिथूनच झाली. आधी एक सरळ प्रश्न विचारते, नर्स आहे म्हणून: जगू नये, संपवावं असे विचार येतात का? येत असतील तर आजच, हा धागा बाजूला ठेवून, डॉक्टरांना किंवा जवळच्या एका माणसाला सांगा. नसतील तरी झोप इतकी उलटीपालटी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कोरा कागद

तसे विचार नाहीत. दाखवतो डॉक्टरांना. विचारल्याबद्दल थँक्यू, कुणी विचारलं नव्हतं.

नांगर

मित्रा, रोज रात्री नऊ वाजता इथे एक ओळ लिहायची. काहीही. मी नऊला इथे असेन आणि ओळ दिसली की झोपायला जाईन. वॉच समज. मी ताबा दिल्याशिवाय झोपत नाही, जुनी सवय आहे.

कोरा कागद

नऊ वाजले. आहे.

नांगर

दिसलं. झोपतो.

कोरा कागद

नऊ. आज डॉक्टरांकडे गेलो. पंधरा मिनिटं बोललो. घसा दुखला.

जुनी वही

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षं काढली, १९०८ ते १९१४. १९१०-११च्या हिवाळ्यात तिथेच पेन्सिलीने त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यांची विद्वत्ता तुमच्या-माझ्यात नाही, पण मला त्यातली पेन्सिल फार धीर देते. शाई नाही तर नाही, जे हातात दिलं त्याने लिहायचं. कोरा कागदभाऊ, तुमची ती एकेक ओळ मी रोज वाचतो.

कोरा कागद

नऊ. आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तुझ्या फोनमागे ऑफिसचा आवाज येत नव्हता.

नांगर

(हे वाचून आज उशिरा झोपलो.)

उंबरठा

कोरा कागद, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मी दहा दिवस इकडे फिरकले नव्हते, यांना ताप होता. आज सगळं वाचून काढलं. एक विचारू का, संकोच वाटतोय. तुम्ही लिहिलंत की तुमची कुणी वाट बघत नाही. आमचे हे सकाळपासून कुणाची तरी वाट बघत असतात. रेल्वेत होते. सारखं विचारतात, 'गाडी किती वाजता?' मी दिवसातून शंभर वेळा सांगून थकते, मग आवाज चढतो, मग रात्रभर स्वतःला दोष देते. त्यांना फोनवर कुणी बोललं की ते शांत बसतात, आवाज ओळखीचा नसला तरी. तुम्हाला सकाळी अर्धा तास जमेल का? जमणार नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा.

कोरा कागद

काकू, जमेल. किती वाजता ते फक्त सांगा. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

सांजवेळ

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एवढंच लिहिते, पाच वाजत आलेत, मुलं वाट बघत असतील.

कोरा कागद

आजचा सहावा दिवस. नऊ वाजताची ओळ आज जरा मोठी लिहितो.

सकाळी साडेनऊला फोन करायचा म्हणून नऊला उठतो, तोंड धुतो. झोपेतला आवाज त्यांना चालत नाही, 'कोण, स्टेशन मास्तर का?' असं दरडावून विचारतात. पहिल्या दिवशी मी 'नाही' म्हणालो तर ते गोंधळले. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त 'बोला साहेब' म्हणतो. आज त्यांनी अर्ध्या तासात अकरा वेळा विचारलं, गाडी किती वाजता. अकरा वेळा सांगितलं, वेळेवर आहे साहेब. मला कुठे घाई होती. मग त्यांनीच मला सिग्नलची तार तुटली होती त्या रात्रीची गोष्ट सांगितली. हातात कंदील धरून रुळाच्या कडेने किती चालले, समोरून इंजिनाचा दिवा कसा दिसला, सगळं. इतकं सलग, एकही शब्द न चुकता. मी ती लिहून ठेवलीय. काकूंना विचारून इथे टाकेन कधीतरी.

दोन ठिकाणी अर्जही केलेत. एका ठिकाणाहून नाही आलं. दुसऱ्याचं अजून काही नाही.

उंबरठा

ती कंदिलाची गोष्ट मी लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकली होती. नंतर कधीच नाही. मला वाटलं होतं तीसुद्धा गेली. जरूर टाका.

मी पूर्वी जे लिहिलं होतं ते अजूनही तसंच आहे, माझ्या बोर्डावर आकडा चढणार नाही. पण हे सांगायचं होतं. ते फोनवर बोलत होते तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दार लोटून घेतलं, कडी लावली नाही. कितीतरी महिन्यांनी मी आज सावकाश केस धुतले.

नांगर

दिसलं. झोपतो.